कुलूपबंद दारापर्यंतची सोबत

कॉलेजच्या संशोधनासाठी मी सोलापुरातल्या गिरणीकामगारांच्या मुलाखती घेत होतो. त्यांत दुष्काळात मंद्रूपहून आलेली एक बाई होती. तिला समोर बसवलं की ती नुसतं "व्हय" नाहीतर "न्हाय" म्हणायची. म्हणून पाळी सुटल्यावर मी तिच्याबरोबर चालायला लागलो. चालताना ती मोकळी व्हायची. "ह्या नळाचं पानी लई गोड हाय की," असं आपणहून सांगायची. मी वही काढली की मात्र पदर सारखा करून गप्प व्हायची.

रुळांकडेच्या झोपड्या हटवणार, अशी तेव्हा बोलवा होती. वह्या घेऊन पालिकेची माणसं दोनदा घरं मोजून गेली होती.

चौथ्या दिवशी आम्ही रुळांकडेच्या तिच्या वस्तीत शिरलो. एका झोपडीतून म्हातारीनं हाक मारली, "अगं, म्होरं कुटं चाललीस? घर हितं ऱ्हायलं की!"

तिनं वळूनही पाहिलं नाही. झपाझप चालत ती गल्लीच्या टोकाला गेली आणि एका कुलूपबंद दारापुढं थांबली.

"हेच आमचं घर. लिवा."

मी वही उघडली आणि तेव्हा कुठं लक्षात आलं, तिच्या लेखी मीही मोजणाऱ्यांतलाच होतो. मी वही तशीच कोरी मिटली आणि "लिहिलं," म्हणालो.

"कुनाला दाखवनार न्हाय न्हवं?"

"नाही."

ती कमरेला नसलेली किल्ली चाचपत उभी राहिली. मी गेल्याशिवाय तिला घरी जाता येणार नव्हतं. मी मागं न बघता भराभर चालू लागलो.