आल्याचं डच नाव

आज चहासाठी आलं ठेचलं आणि त्या वासाने अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं माझं छोटं अपार्टमेंट आठवलं. ऐंशीच्या दशकात मी तिथे भाषाशास्त्रात पीएचडी करत होते. नाशिकच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलेली आई माझ्याकडे राहायला आली होती आणि दोन महिन्यांत अगदी गप्प झाली होती. "माझं तिकीट लवकरचं करून दे," एवढंच म्हणायची.

एका दुपारी शेजारच्या डच आजी आल्याची बिस्किटं घेऊन आल्या. बिस्किटातल्या आल्याला त्यांच्या भाषेत "खेंबर" म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मी लगेच जाडजूड शब्दकोश काढला. डचमध्ये हा शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये ग्रीकमधून. "ग्रीकमध्ये झिंगीबेरिस," मी वाचलं.

"थांब, पुढचं मी सांगते," आई म्हणाली. "शृंगवेर! शिंगासारखं अंग असलेलं." तिने ओट्यावरचं आलं उचलून त्याची शिंगं आजींना दाखवली. मग तासभर ती मराठीत आणि त्या इंग्रजीत बोलत होत्या. तिकिटाचा विषय आईने पुन्हा काढला नाही.

तेव्हा मला शब्दाचं मूळ सापडल्याचाच आनंद झाला होता. आता वाटतं, त्या दोन महिन्यांत आईला येणारी एकही गोष्ट मी तिला विचारली नव्हती.