मागाचा खांब

मनकर्णाबाईंच्या वाडीचं कुंपण तिसऱ्यांदा आडवं झालं, त्या दिवशी त्यांनी सकाळचा चहासुद्धा घेतला नाही. पेटलेली चूल तशीच सोडून त्या शेजारच्या जागेश्वर सोरत्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की माझं कुंपण कोणी पाडलं.

जागेश्वर मागावर बसला होता. हातातला धोटा न थांबवता आणि मान वर न करता तो म्हणाला, शेळीनं पाडलं असेल.

आता शेळीनं कुंपण पाडलं तर ती आत शिरते, वांग्याची रोपं खाते, सांबार म्हणजे कोथिंबीर तुडवते, लेंड्या टाकून जाते. इथं वाडीतलं एक पान हललं नव्हतं. कोपऱ्यातला सागवानी खांब तेवढा गल्लीकडं झुकला होता, त्याच्या दोन्ही अंगांच्या तुराट्या उपसून आल्या होत्या, आणि खांबाच्या मानेवर दोर काचल्याची खूण होती. त्या खुणेला सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास येत होता. नागपुरातली कोणती शेळी खांबाला दोर बांधून ओढते, हे जागेश्वरनं सांगितलं नाही. खोटं बोलणाऱ्याचा राग येतोच, पण समोरच्याला अक्कल नाही असं धरून जो खोटं बोलतो त्याचा जास्त येतो. मनकर्णाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती या शेळीमुळं.

ही अडुसष्ट सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पाचपावलीच्या अंगाला विणकरांची एक आंधळी गल्ली होती. दोन्ही बाजूंनी घरं, बहुतेक घरात माग, आणि गल्ली जिथं संपते तिथं मनकर्णाबाईंचं घर आणि घरापुढची वाडी. वाडी म्हणजे काय, तर वांग्याचे दोन वाफे, सांबाराचा एक, आणि वालाच्या शेंगांचा वेल. पण तिच्यावर त्यांचा दिवस निघायचा. नवरा, कवडूजी, जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा भिलाईला नोकरीला होता आणि दिवाळीला यायचा.

कवडूजींनी आयुष्यभर लुगडी विणली आणि पन्नाशीत, मागावर पोट भरेना तेव्हा, मिलच्या भोंग्यावर जायला लागले. घरातला माग तीन वर्षं नुसता धूळ खात उभा होता. शेवटी त्यांनी तो उतरवला. बारीकसारीक लाकूड चुलीत गेलं. चार खांबांना मात्र मनकर्णाबाईंनी कुऱ्हाड लावू दिली नाही. ते सासऱ्याच्या हातचे, अस्सल सागवान. मग कवडूजींनी ते वाडीच्या चार कोपऱ्यांना गाडले. मधल्या जागेत दर वर्षी दिवाळी झाली की मनकर्णाबाई स्वतः तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या रोवायच्या आणि आडव्या कामट्यांना सुंभानं आवळून बांधायच्या. हातांना आठ-आठ दिवस ओरखडे असायचे. असं ते कुंपण.

जागेश्वरला त्या खांबाचं काय काम पडलं, तेही सांगितलं पाहिजे. लुगड्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते. त्यासाठी ताणा गल्लीत लांबच्या लांब पसरतात. दोन्ही टोकांना खुंट्याला दोर बांधून ताणतात, खळ माखतात आणि दोघं जण मोठे कुंचे घेऊन इकडून तिकडं फिरवत राहतात, दोरा न् दोरा सुटा होऊन वाळेपर्यंत. दोनेक तास लागतात. मध्ये हात थांबला, दोर ढिला पडला किंवा आभाळ आलं, तर दोरे एकमेकांना चिकटतात आणि पंधरा दिवसांची मेहनत उकिरड्यावर जाते. गल्लीच्या बंद टोकाला यासाठी पिढ्यान् पिढ्यांचा एक खुंटा होता. त्या वर्षी गल्लीत नळ आला, खुंट्याच्या जागी नळाचा ओटा बांधला गेला आणि खुंटा गेला. ओट्याला लागूनच मनकर्णाबाईंच्या वाडीचा कोपरा. जागेश्वरनं तो खांब पाहिला आणि सरळ दोर बांधला.

पहिल्यांदा पाडलं तेव्हा मनकर्णाबाईंनी वाऱ्यानं पडलं असेल असं धरलं आणि स्वतःच नीट केलं. दुसऱ्यांदा त्या बोलल्या, तेव्हा जागेश्वरनं दुपारी येऊन सुतळीचे चार वेढे मारले आणि उपकार केल्यासारखा निघून गेला. ती सुतळी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. आणि तिसऱ्यांदा शेळी.

त्यांनी बाबारावजींकडं गाऱ्हाणं नेलं. बाबारावजी गल्लीतले सर्वांत वडील. त्यांच्या ओसरीवर पाचसहा माणसं जमली. तिथं जागेश्वरला शेळी सोडून द्यावी लागली, पण तो ओशाळला म्हणाल तर तसंही नाही. हसत हसत म्हणाला, "मागाचाच खांब आहे, काकी. त्याले ताणायची सवय आहे."

माणसं हसली. बाबारावजीही हसले. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, की गल्ली सगळ्यांची आहे, कवडूजीसुद्धा याच गल्लीत ताणा पसरायचे, आणि तुम्ही विणकराची लेक आणि विणकराची बायको, तुम्हीच सांभाळून घ्यायचं नाही तर कोणी घ्यायचं.

"खांबाले सवय असन," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले नाही. मले काहून नाही विचारलं?"

बाबारावजींनी चहा पुढं केला. मनकर्णाबाईंनी त्या कपाला हात लावला नाही आणि उठून आल्या.

त्यांना काय लागलं होतं, ते त्या ओसरीवर बसलेल्या एकाही बाप्याच्या ध्यानात आलं नाही, की आलं आणि त्यांनी कानाडोळा केला, कोण जाणे. त्या गल्लीत एक रीत होती. ज्याला सकाळी ताणा पसरायचा असेल त्यानं आदल्या संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगायचं, म्हणजे कोणी सायकल, खाट, बादल्या बाहेर ठेवत नाही. कवडूजींचा माग होता तोवर हे सांगणं मनकर्णाबाईंच्या दाराशीही यायचं. माग उतरवला आणि ते यायचं थांबलं. जागेश्वर गल्लीभर सांगत फिरायचा आणि त्यांच्या अलीकडच्या घरापासून परत वळायचा. ज्यांना सांगायलाही नको त्यांच्या खांबाला दोर मात्र बांधायचा. कुंपण पुन्हा उभं करता येतं. पण आपण जिवंत असताना आपलं घर गल्लीतून वजा झालेलं बाईमाणसानं कसं सोसायचं?

मनकर्णाबाईंनी खांब पुन्हा उभा केला आणि ठरवलं, की आता सांगणं बास. पुन्हा दोर बांधला, तर कापायचा.

दहा-बारा दिवसांनी सकाळी त्या उठून बाहेर आल्या तर दोर बांधलेला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार लुगड्यांचा ताणा पसरला होता, नुकतीच खळ माखून झाली होती, आणि जागेश्वर आणि त्याची बायको प्रेमलता दोन बाजूंनी कुंचे ओढत होती. मनकर्णाबाई घरात गेल्या, विळा घेतला आणि खांबापाशी आल्या.

प्रेमलतेनं आधी पाहिलं. ती नुसतं "काकी" म्हणाली.

तीनदा उखडलेला खांब तो. बुडाची माती भुसभुशीत झाली होती. मनकर्णाबाईंच्या डोळ्यांदेखत मातीला भेग पडली आणि खांब गल्लीकडं हातभर कलला. ताणा मध्ये झोळ पडून खाली आला. दोर कापायचीही गरज नव्हती. नुसतं उभं राहून पाहिलं असतं तरी काम झालं असतं, आणि त्यांना कोणी बोल लावला नसता.

त्यांची नजर ओल्या सुतावर गेली. आठ वर्षांच्या असल्यापासून त्यांनी असे ताणे पाहिले होते, तुटलेले दोरे जोडले होते. विळा त्यांनी वाडीत फेकून दिला, गल्लीच्या बाजूनं खांबाला पाठ लावली, पाय नळाच्या ओट्याला रेटले आणि खांब मागं लोटला. ताणा पुन्हा सरळ झाला.

"मले काय पाहून राहिला?" त्या जागेश्वरवर खेकसल्या. "कुंचा चालव."

पुढचे दोन तास त्या तशाच उभ्या होत्या आणि दोन तास त्यांचं तोंड बंद नव्हतं. त्यांचा राग तसूभरही उतरला नव्हता, उलट पाठीला कळ लागली तसा वाढतच गेला. त्यांनी शेळी काढली, सुतळी काढली, बाबारावजींचा चहा काढला. जागेश्वरच्या लग्नात तीन दिवस आपण चुलीपुढं बसलो ते काढलं. त्याचा बाप आजारी असताना कवडूजींनी आपला माग थांबवून त्याचं लुगडं पुरं करून दिलं, तेही काढलं. जागेश्वरला उत्तर देता येईना, कारण उत्तराला थांबलं की कुंचा थांबतो. खाली मान घालून तो या टोकाहून त्या टोकाला जायचा आणि प्रत्येक फेरीत त्यांच्यासमोर येऊन नवीन काहीतरी ऐकून परत फिरायचा. मध्येच त्या म्हणायच्या, "डाव्या अंगाले दोरे चिकटून राहिले. दिसत नाही का तुले?" तो वाकून बघायचा, आणि दोरे चिकटलेले असायचे.

एव्हाना नळावर बाया घागरी घेऊन आल्या होत्या. पाणी भरून झालं तरी एकही घरी गेली नाही.

ऊन अंगावर आलं, ताणा वाळला, दोर सुटला. मनकर्णाबाईंना चटकन सरळ होता येईना. जागेश्वर पुढं आला आणि पायाशी वाकला. त्यांनी पाय मागं घेतले.

"पाया नको पडू. त्यानं कुंपण उभं नाही राहत. कोणी पाडलं ते सांग."

"मीच पाडलं, काकी," तो हळूच म्हणाला.

"मी तुह्या दारात येऊन विचारलं, तेव्हा साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. तसंच सांग."

जागेश्वरनं एकदा नळावरच्या बायांकडं पाहिलं, एकदा बाबारावजींच्या ओसरीकडं. तिथं बाबारावजी दात घासत उभे होते. मग तो मोठ्यानं म्हणाला, की कुंपण शेळीनं नाही, मी पाडलं, तीनदा पाडलं, आणि विचारलं नाही. प्रेमलतेनं पदर तोंडाला लावला, पण ती हसत नव्हती.

दोन दिवस नवरा-बायको त्या कुंपणापाशी राबली. वाडीच्या कोपऱ्याला बाभळीचा नवा खांब आला, तुराट्या नव्यानं रोवल्या गेल्या, आणि या वेळी सुंभ होतं, सुतळी नव्हती. मागाच्या खांबाचं काय करायचं ते मनकर्णाबाईंनीच सांगितलं. तो कुंपणाच्या बाहेर, दोन हात पुढं, कमरेइतका खड्डा करून दगड ठोकून गाडायचा. म्हणजे दोराचं ओझं दोरापाशी आणि वाडी वाडीपाशी. बाबारावजी पाहायला आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की मनकर्णाबाईंनी मोठ्या मनानं खांब गल्लीला दिला.

"दिला नाही," मनकर्णाबाईंनी तिथल्या तिथं सुनावलं. "खांब माहा आहे. ज्याले बांधायचं त्यानं विचारायचं."

बाबारावजी आपल्या ओसरीकडं निघून गेले.

पंधरवडा गेला असेल. एका संध्याकाळी मनकर्णाबाई वाडीत सांबार खुडत होत्या. जागेश्वर घरातून निघाला. गल्लीत सांगत फिरण्याआधी तो पहिल्यांदा त्यांच्या कुंपणापाशी आला. चपला काढाव्या की नाही ते त्याला समजेना, म्हणून एक काढून तो तसाच उभा राहिला.

"काकी, उद्या सकाळी ताणा बांधू का?"

मनकर्णाबाईंनी सांबाराची जुडी बांधली, हात झटकले, उभ्या राहिल्या आणि मावळतीकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

जागेश्वरचा चेहरा पडला. दोन दिवस केलेली मेहनत, साऱ्या गल्लीदेखत खाली घातलेली मान, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं असावं, कारण त्याचे ओठ काहीतरी बोलायला हलले.

"उद्या आभाळ येते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "खळ वाळणार नाही. परवा बांध."

जागेश्वरनं मावळतीकडं पाहिलं. मग त्यानं चप्पल घातली आणि मागं फिरून गल्लीतल्या एकेका दारात परवाचं सांगत गेला.