तीन गिअर मागे, एक पुढे

ज्या दिवशी माझी नणंद शिकायला निघाली, त्या दिवशी आमची जीप आंजीपासून वर्ध्यापर्यंत उलटी गेली. दोष जीपचा नव्हता.

जीप लष्कराच्या लिलावातली. ह्यांनी ती नागपूरहून आणली तेव्हा तिचा गिअरबॉक्स इतका झिजला होता, की दुसरा गिअर टिकवायला दांडा गुडघ्यानं दाबून धरावा लागे. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीत तिचं पोट टेकायचं. म्हणून पंचावन्न-छप्पनच्या सुमारास ह्यांनी ठरवलं, की मोडीतल्या दुसऱ्या जीपचा चांगला गिअरबॉक्स आणून बसवायचा आणि त्याच खटाटोपात गाडी वीतभर उंचही करायची. उंच करायची म्हणजे काय, तर मागच्या दोन चाकांना जोडणारा जड आस आजवर लोखंडी पाट्यांच्या वर होता, तो पाट्यांच्या खाली घ्यायचा.

गणपत मिस्त्री लष्कराच्या मोटारींवर काम केलेला माणूस. तो सगळं डोक्यात ठेवी. मला ते पटेना. (मी घरातल्या लोणच्याच्या बरण्यांनाही नंबर घातले होते.) मी वही घेऊन अंगणात बसले. प्रत्येक नटबोल्टची नोंद केली, प्रत्येक भागावर चुन्यानं खूण केली. आस काढून ह्यांनी आणि मिस्त्रीनं गडगडत पडवीत नेला, तेवढ्यात आत डाळ उतू गेली म्हणून मी उठले. परत येऊन आसावर ठळक अक्षरात लिहिलं : "वर".

इकडे सुशीलाला, म्हणजे नणंदेला, वर्ध्याहून मुलाखतीचं पत्र आलं. नर्सचं शिक्षण, गुरुवारी सकाळी अकरा वाजता. मामंजींनी पत्र दोनदा वाचलं.

"अकराच्या आत पोचली तं शिकेल," ते म्हणाले. "नाई तं आर्वीच्या स्थळाले होकार कळवतो."

 सुशीलानं पत्र घडी करून पदराच्या गाठीत बांधलं.

चार दिवस पाऊस लागला होता. बैलगाडी आसापर्यंत रुतत होती, सर्व्हिस मोटार येत नव्हती. राहिली जीप. गुरुवारी सकाळी मिस्त्री शेवटचे बोल्ट आवळत होता.

"बाई, आसाकडं जानारा हा शाफ्ट जरासा तिरपा बसून राह्यला."

"वहीत काय आहे?"

"वहीत बरोबर आहे."

"मग?"

"मंग काही नाई," म्हणून त्यानं पाना ठेवला.

आठला आम्ही चौघं बसलो. मिस्त्रीनं पहिला गिअर टाकला आणि जीप डौलात मागे जाऊन गोठ्याला टेकली. दुसरा टाकला, गोठ्याचा कूड मोडला. तिसरा टाकायला ह्यांनी मनाई केली. मागे जायचा गिअर टाकला तेव्हा जीप पुढे निघाली, पण म्हशीच्या चालीनं.

"गिअरबॉक्स उलटा देल्ला त्या नागपूरवाल्यानं," हे म्हणाले, आणि त्या माणसाच्या तीन पिढ्या काढल्या.

"ह्या चालीनं वर्धा कवा येईल?" मी विचारलं.

"दोन वाजता," मिस्त्री म्हणाला. "विंजन उकळलं नाई तं."

मामंजी ओट्यावर उभे होते. त्यांनी नुसतं घड्याळ काढलं.

तेव्हा सुशीला पहिल्यांदा बोलली. "मिस्त्री, मागं तीन गिअर आहेत नं? मंग गाडीची पाठ वर्ध्याकडं करा."

अशी आमची स्वारी निघाली. मिस्त्री मान वळवून चालवत होता, आणि आम्ही दोघी मागच्या टोकाला बसून त्याला रस्ता सांगत होतो. चिखल तुडवत गाडी उंच चालली होती, एकदाही पोट टेकलं नाही.

"डावीकडे," मी ओरडले.

"कोनाच्या डावीकडं बाई? तुमच्या का माह्या?"

ह्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत आम्ही एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतात जाऊन आलो.

"मिस्त्री, लिंबाकडं घ्या," सुशीला शांतपणे म्हणाली. "आता विहिरीकडं. आता त्या म्हाताऱ्याले सोडून दोन्हीकडं कुठंबी."

मी गप्प बसले. मला गप्प बसायची सवय नव्हती.

वर्ध्याच्या नाक्यावर कारकून बाहेर आला. "गाडी येऊन राह्यली का जाऊन राह्यली?"

"येऊन," मिस्त्री म्हणाला.

"तोंड तं आंजीकडं आहे."

"तोंडाले घरची आठवण येऊन राह्यली. जाऊ द्या नं, साहेब, पोरीची मुलाखत आहे."

त्यानं घाईनं बांबू वर केला. पावणेअकराला सुशीला आत गेली.

आम्ही बाहेर थांबलो. मिस्त्री जीपखाली शिरला आणि बराच वेळ आलाच नाही. मग खालूनच म्हणाला, "बाई, तेल काढायचं बूच खालतं असते. हे वरतं आहे."

मी वाकून पाहिलं. बुचाशेजारी माझ्याच हातचं "वर" होतं. अंगणात गडगडताना आस उलथा झाला होता, आणि मी जी बाजू वर दिसली तिच्यावर लिहून मोकळी झाले होते. आस उलथा बसला, म्हणून चाकं उलटी फिरत होती. नवा गिअरबॉक्स बिचारा सकाळपासून बरोबरच काम करत होता.

"काऊन बोलला नाईस मंग?" ह्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"वहिनीबाईनं लिहेल होतं," तो म्हणाला. "अक्षर लय चांगलं आहे."

त्याच्या हाताला वीस वर्षं जे ठाऊक होतं, ते माझ्या वहीपुढे मुकाट बसलं होतं. ह्याचं वाईट वाटायला मला पुढे पुष्कळ दिवस मिळाले. त्या घटकेला मी फक्त दाराकडे पाहत होते. एका शब्दापायी सुशीला आर्वीला गेली असती.

आठ दिवसांनी पत्र आलं. निवड झाली होती. मामंजींनी तेही दोनदा वाचलं आणि ट्रंक काढायला सांगितली. मी लगेच वही आणि पेन घेऊन बसले.

"वहिनी," सुशीला हळूच म्हणाली, "सामानाची यादी मी करू का?"

मी पेन दिलं. तिनं एकवीस वस्तू लिहिल्या. रात्रीपर्यंत मी ती यादी चार वेळा तपासली. एकही चूक सापडली नाही. फार वाईट वाटलं.