उडीचं बटण

टीव्हीवर खेळायचा गेम आमच्या घरात आला तो लेकरांसाठी नाही, आमच्या मालकांच्या हातासाठी. आता हे सांगितलं तर लोक हसतात, पण तसंच झालं. चौसाळ्यात हायवेला आमचं किराणा दुकान. गावात केबल नुकतीच आली होती आणि त्याच साली यांना लकवा मारला. तागडी धरलेली होती, ती हातातून सुटली आणि उजवी बाजू गेली. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, बीपीची गोळी सकाळी उठल्या उठल्या घ्यायची, आणि बोटं हलती ठेवायची. मग काय वाटेल ते करा.

म्हणून दिरांनी तो गेम आणला. दोन वायरी, एक कॅसेट आणि हातात धरायचा रिमोट. त्याच्या डाव्या अंगाला चालायचं बटण, उजव्या अंगाला उडीचं. त्यात एक बुटका माणूस होता. दगडांवरून, खड्ड्यांवरून उड्या मारत जायचा आणि शेवटी एका विमानात बसायचा. मग ते विमान पार वर, काळ्या आभाळात, समोर येईल ते फोडत सुटायचं. विमानाचं सोपं होतं. बटण दाबून धरलं की झालं, तेवढं यांच्या उजव्या अंगठ्याला जमायचं. उडीला मात्र दाबून झटक्यात सोडावं लागे. ते होईना. अंगठा बसला की बसला, आणि माणूस खड्ड्यात.

मग मी शेजारी बसायची. चालवायचं त्यांनी, उडी मारायची मी. एका रिमोटवर दोघांचे हात. सासूबाई दारातून बघायच्या.

"दिवसाढवळ्या असं खेटून बसतेत व्हय?"

"आत्या, मी उठले तर तुमचं लेकरू खड्ड्यात पडंल."

यांना हसू यायचं, मग तोंड वाकडं व्हायचं. "काठावर आल्यावर मार की," मला म्हणायचे. "कावून घाई करती?"

पण त्यांचा जीव गेममधे नव्हता. आमच्या लिंगायतांत गळ्यातलं लिंग रोज डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानी पूजा करायची. पाणी, भस्म, फूल. ती झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. यांनी पोरवयापासून एक दिवस चुकवला नव्हता, आणि आता उजवा हातच उचलत नव्हता. मी म्हणलं, मी वाहते फूल. "ज्याचं त्यानंच करायचं असतंय," म्हणाले. मठातल्या स्वामींनी समजूत घातली, आजारी माणसानी मनातल्या मनात केली तरी चालते. मग डोळे मिटून तशी करायचे, गोळी घ्यायचे, चहा प्यायचे. पण चहा पिताना तोंड असं, जसं दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लंय.

अंगठा सुटायला लागला की पूजा हातानी करायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून त्या बटणाशी एवढी झटापट. लाईट गेली की गेम पहिल्यापासून, आणि लाईट तर सारखीच जायची. हे गुमान बसून राहायचे, आली की पुन्हा पहिला दगड.

पावसाळा सरता सरता एका दुपारी म्हणाले, "हात काढ." मी काढला. बुटका काठावर आला, अंगठा दबला, सुटला, आणि गडी पलीकडं. हे बघतच राहिले, तेवढ्यात पुढच्या दगडावर आपटून तो मेला. मला रडू आलं. हे म्हणाले, "उद्यापासून मी माझ्या हातानं."

तशी सुरू झाली पूजा. भस्माची चिमूट उचलली जायची नाही, उचलली तर मांडीवर सांडायची. फूल बोटालाच चिकटून राहायचं. सांडलं की सगळं धुऊन परत पहिल्यापासून. दुकानाच्या पायरीवर ऊन चढायचं तरी हे बसलेले, आणि गोळी वाटीत तशीच.

"गोळी तरी घ्या. ते काय जेवण हाय?" मी म्हणायची.

"तोंडात जातंय न्हवं? मंग खाणंच ते," सासूबाई म्हणायच्या, आणि हे मान हलवायचे. दिरांनाही पटलेलं. घरात सगळे खूश होते, हात उघडला म्हणून. शेजारणी बघायला यायच्या. गोळी काय, उशिरा का होईना पोटात जातीय, असं वाटायचं.

दिवाळीच्या अलीकडे, दुकानात गर्दीचे दिवस, हे पूजेवरच कलले. लिंग मी पदरात झेललं. या वेळी डावी बाजू गेली, उघडलेला उजवा हातही पुन्हा बसला, वाचाही गेली. डॉक्टरांनी गोळीचं विचारलं. दिरांनी खरं ते सांगितलं. डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिले.

घरी आणल्यावर स्वामी आले. म्हणाले, "आता तुमीच यांच्या तळहातावर करत जा, माय. हात तुमचा, पूजा त्यांची."

मी त्यांची डावी मूठ उकलली, लिंग ठेवलं, पाणी वाहिलं, भस्म लावलं. वर बघितलं तर यांनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं. अंगात तेवढी मानच काय ती फिरत होती. मी हात धुतले, गोळी चमच्यातल्या पाण्यात विरघळवली, आणि त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवायला लागले.