लेकीला न सांगता विकलेलं

पंचवीस वर्षं मी केदारखेड्याच्या आरोग्य केंद्रात नर्स होते, पण कंत्राटी. त्यामुळे काम संपलं त्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला आणि पेन्शन काही नव्हती. नवरा आधीच गेलेला. त्यांच्या नावावर भोकरदनला एक प्लॉट होता, तो विकला. म्हातारपणाची सोय म्हणजे तेवढाच पैसा.

तो कुठं ठेवायचा यावरून दोन महिने माझं मन ठिकाणावर नव्हतं. थोरला भाऊ गावाकडं शेती करतो. तो म्हणाला, "हे पाय बाई, बँकेत ठेव. मुदतीत टाक आन् बिनघोर राह्य. बाजारात टाकलेलं आन् जुव्यात टाकलेलं एकच."

लेक पुण्यात नोकरीला. तिचं म्हणणं वेगळं. "आई, तुला अजून वीस-पंचवीस वर्षं काढायचीत. तेल, गोळ्या, डॉक्टर सगळं महागत जाणार आणि बँकेचं व्याज आहे तेवढंच राहणार. सगळं नको, निम्मं तरी फंडात टाक. मी आहे ना."

दोघंही बराबर वाटायची. भाऊ बोलून गेला की मला बँक पटायची, लेकीचा फोन आला की बाजार. शेवटी निम्मं-निम्मं केलं. निम्म्याची बँकेत मुदत ठेव केली, निम्मं शेअर बाजाराच्या फंडात घातलं. लेकीनं सुट्टी काढून, घरी येऊन माझ्या फोनवर ॲप टाकून दिलं आणि बजावलं, "रोज उघडून बघायचं नाही."

मी रोज बघत होते. पहिलं वर्ष आकडा हिरवा होता, बघायला बरं वाटायचं. मग बाजार पडायला लागला. एका दिवसात माझ्या महिन्याच्या किराण्याइतके पैसे कमी झालेले दिसायचे, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. केंद्रात असताना मी पेशंटला सांगायचे, एकदा बीपी जास्त आलं म्हणून घाबरू नका, आठ दिवस मोजू, मग बघू. तेच मला स्वतःला सांगता येईना. जेवण जाईना. भाजी घेताना, दळण आणताना, मध्येच थांबून फोन काढायचे.

लेक फोनवर म्हणायची, "बाजार पडलाय, पण तू हात लावू नकोस. परत वर येतो तो."

"न्हाई लावत," मी म्हणायचे.

एका सकाळी भाऊ ज्वारीचं पोतं घेऊन आला. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो ओरडला नाही, की मी सांगितलं होतं असंही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "जे उरलंय ते तरी घरात आण. जल्दी कर." तो गेल्यावर मी चहाचा कप तसाच ठेवून ॲप उघडलं आणि सगळं विकलं. ओटीपी आला, टाकला, संपलं. चार दिवसांनी पैसे खात्यात आले. घातले होते त्यापेक्षा बरेच कमी. ते उचलून मुदत ठेवीत टाकले. त्या दिवशी मी पोटभर जेवले, हे खरं आहे.

लेकीला मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राह्यले. तेवढ्यात बाजार चढायला लागला.

"बघ आई, तुझे पैसे भरून आले," तिचा आवाज नुसता खुलला होता. "आता त्यातूनच तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करू."

"हो का," मी म्हणाले. असं मी सात-आठ महिने म्हणत होते.

दिवाळीला ती आली. माझा फोन हळू चालतो म्हणून साफ करायला बसली. मी चकलीचा घाणा काढत होते. मध्येच मागं वळून पाहिलं. ती फंडाचं ॲप उघडून बसली होती.

"कधी विकलंस?"

"बाजार पडला होता तवा."

"म्हणजे मी रोज फोन करत होते तेव्हा?"

मी गॅस बंद केला. "तुला वाईट वाटलं असतं गं."

"मग आता चांगलं वाटतंय का मला?" ती म्हणाली. मग खाली बघत बोलली, "नुकसानीचं काही नाही आई. मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचे, माझी आई खेड्यातली नर्स आहे, पण एवढा बाजार पडला तरी घाबरली नाही."

मी परत गॅस पेटवला आणि उरलेल्या चकल्या तळल्या. ती पाडव्याला जाणार होती, ती पाडव्यालाच गेली. भांडण नाही, रुसवा नाही. चकल्या घेऊन गेली.

आता सगळा पैसा बँकेत आहे. येणारं व्याज पुरत नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस मी भोकरदनच्या एका दवाखान्यात इंजेक्शनं द्यायला जाते. गुडघा तसाच आहे. विकलं नसतं तर बरं झालं असतं, हे कळतं. पण ते दिवस आठवले की वाटतं, परत तसंच झालं तर मी परत विकीन.

लेकीचा फोन अजूनही येतो. तब्येत विचारते, पावसाचं विचारते. पैशाचं काढत नाही. मागच्या महिन्यात एका ठेवीची मुदत संपली, तेव्हा मीच विचारलं, "काय करू गं, थोडं परत फंडात टाकू का?"

ती अगदी हळू म्हणाली, "तुझे पैसे आहेत आई. तुला पाहिजे तसं कर."

मी दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन ठेव पुढं वाढवून आले.