टोप्यांची मोजदाद

आम्हा ज्यू लोकांत माणसं मोजत नाहीत. माणसांकडे बोट करून एक, दोन, तीन म्हणणं बरं नाही, असं लहानपणापासून बजावलेलं. आणि तरी प्रार्थनेला दहा पुरुष लागतातच. नऊ असले की मुख्य प्रार्थना होत नाही, मग ते नऊ कितीही भाविक असोत. आता मोजल्याशिवाय दहा झाले हे कळायचं कसं? नागपुरातल्या आमच्या गार्डकाकांनी यावर तोड काढली होती. ते टोप्या मोजत.

हे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. जन्मभर मालगाडीचे डबे मोजलेला माणूस, मोजल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही. सक्करदऱ्याजवळच्या त्यांच्या घराची पुढची खोली हेच आमचं प्रार्थनास्थळ. मी लग्न होऊन अलिबागकडून नागपुरात आले तेव्हा सिनेगॉग कुठे आहे म्हणून विचारलं, तर नवऱ्याने मला त्या खोलीत नेऊन उभं केलं. एक कपाट, चार बाकं आणि भिंतीला काळ्या मखमली टोप्यांची खुंटी. गावात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी आणि पुरुष जेमतेम दहा. कोणाला ताप आला की बायकोच्या आधी काकांना काळजी.

नवरा आणि माझा धाकटा दीर, दोघंही सरकारी दूध योजनेत कामाला होते. दुधाचं फॅट तपासायचं काम नवऱ्याचं, दीर बॉयलरवर. वर्षानुवर्षं काम करून दोघंही टेम्पररीच. दुधाला सुट्टी नसते, त्यामुळे त्यांनाही ठरलेला सुट्टीचा वार नव्हता. आणि आम्हाला तर शनिवारी काम चालत नाही. कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे ते याचसाठी, शनिवारी घाणा बंद. दिराचा शनिवार बॉयलरवरचा जोडीदार काढायचा, नवऱ्याचा सांभाळायचा त्याचा योजनेतलाच एक दोस्त, तोही टेम्पररी. इंदोऱ्याचा राहणारा, बौद्ध. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. नवऱ्याच्या शनिवारी तो उभा राहायचा आणि त्याच्या दसऱ्याला, बुद्धपौर्णिमेला नवरा. कागदावर काही नाही. साहेबांनाही ठाऊक होतं आणि कोणाची ना नव्हती.

मला मात्र त्या दुधाचा वैताग. आम्ही मटणाशी दूध लावत नाही, आणि नवरा शुक्रवारी संध्याकाळी नखशिखांत दुधाचा वास घेऊन यायचा. मी त्याला परसातूनच न्हाणीत पिटाळायची.

"काहून चिडून राहिली वं?" तो आतून ओरडायचा. "दूध मी तपासलं, पिलं नाही."

रश्श्यात आम्ही नारळाचं दूध घालतो, आणि नागपुरात धड नारळ मिळेल तर शपथ. मेलगाडीवर असलेले आमच्यातले एक गृहस्थ मुंबईहून नारळ आणत, तेव्हा कुठे माझ्या रश्श्याला चव यायची. या गावाला मी कमी नावं ठेवली नाहीत. ऊन, धूळ, बोलण्यातलं ते "मले-तुले", सगळ्याला.

अशात एक दिवस बातमी आली की योजनेत माणसं कमी करणार. टेम्पररी आधी जाणार. काही जणांना दुसरीकडे पाठवतील, बाकीच्यांना घरी. वरून कोणी मोठे साहेब येऊन पाहणी करणार आणि मग ठरवणार. नवरा चेष्टेखोर माणूस, पण त्या रात्री ताटात नुसता हात फिरवत बसला. काम गेलं तर इथे राहण्यात अर्थ नव्हता. मुंबईला माझ्या भावाकडे जायचं, नाहीतर इतर बरेच जण निघाले होते तसं थेट इस्रायल. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला जायचं नव्हतं. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला.

या दोघा भावांचं घर उठलं की दहाचे आठ होणार, हे आमच्यातल्या सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. पुढच्या शुक्रवारी आम्हाला एका घरी जेवायला बोलावलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या. निघताना माझ्या हातात भरलेला डबा असायचाच. टपाल खात्यातले एक जण दिराला संध्याकाळी टायपिंग शिकवू लागले, असू दे हाताशी म्हणून. दोन-तीन शुक्रवार मी गप्प बसले, मग काकांना म्हटलंच, "काका, आम्हाला अजून काढलेलं नाही. आतापासून डबे कशाला?"

"काढलं नाही म्हनूनच बोलावून राहिलो ना, बाई," काका म्हणाले. "काढल्यावर बोलावलं असतं तर तुले लागलं असतं."

मी डबा घेतला. नंतर काका हळूच म्हणाले, "आन आमचा काही कमी स्वार्थ नाही त्याच्यात. तुमी गेले तर मी मोजू काय, खुंट्या?"

काकांनीच मग मलिद्याचा नवस काढला. अडीअडचणीला आम्ही एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, मलिदा बोलतो. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे घालायचे, मोठ्या ताटात त्याचा ढीग रचून भोवती फळं आणि खजूर मांडायचे आणि दहाजणांनी प्रार्थना म्हणायची. काम टिकलं की पुन्हा मलिदा करून नवस फेडायचा. माझं मत असं की साहेबाला पोहे दिसत नाहीत, अर्ज दिसतो. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि खोबरं खवायला मात्र माझंच नाव.

नवऱ्याने आपल्या अकलेने योजनेतल्या सगळ्या टेम्पररी लोकांना आमंत्रण दिलं. टांगती तलवार सगळ्यांवरच आहे, मग प्रार्थना दोघांसाठीच कशाला, असं त्याचं म्हणणं. काकांना ते पटलं. बाहेरच्यांनी डोकं झाकून यावं, एवढंच त्यांनी सांगितलं.

त्या गुरुवारी संध्याकाळी खोली गच्च भरली. हुडकेश्वरकडचे कुणबी गडी धुतलेल्या पांढऱ्या टोप्या घालून मागे ओळीने बसले. इंदोऱ्याच्या दोस्ताकडे टोपी नव्हती, म्हणून नवऱ्याने खुंटीवरची आपली दुसरी मखमली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला पुढे स्वतःशेजारी बसवून घेतलं. तो आधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला सांगून गेला होता, "वहिनी, आमी नवस बोलत नाही. मी दोस्तीसाठी आलो. पोहे पन खाईन, पोह्याले काही धर्म नसते."

दीर कामावरून परस्पर यायचा होता. नवऱ्याची पाठ दाराकडे. मी आत शेवटचा नारळ खवत होते. काका उठले, त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि काळ्या टोप्या मोजल्या. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, पण गार्डची ऐट तशीच. "दहा," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. मला वाटलं दीर आला, नवऱ्याला वाटलं भाऊ मागे बसला. प्रार्थना छान झाली. मागचे गडी हात जोडून बसले होते. काकांचा आवाज अशा वेळी तरुण होतो, तसा झाला होता. खजूर वाटायला घेतले आणि तेवढ्यात दारात दीर धापा टाकत उभा.

"माह्याबिगर सुरू केलं?" तो म्हणाला.

काकांनी खजुराचं ताट खाली ठेवलं आणि पुन्हा टोप्यांवरून नजर फिरवली, या वेळी तोंडं बघत. नवऱ्याच्या शेजारच्या तोंडावर नजर आली आणि त्यांना उमगलं. त्या तोंडालाही उमगलं, कारण तो पटकन टोपीला हात लावून म्हणाला, "मले मोजलं का काकाजी तुमी?"

कोणीतरी फसकन हसलं. काकांना हसू आलं नाही. नऊ जणांत ही प्रार्थना झाली असं ते मानायला तयार नव्हते. "पुन्हा म्हनू," ते म्हणाले. "आता पोरगा आला आहे."

पण पोरगा आला नव्हता, पळून आला होता. ज्यांनी पाहणी करायची ते मोठे साहेब न कळवता त्याच संध्याकाळी योजनेत येऊन थडकले होते आणि एकेका विभागात जाऊन माणसं बघत होते. शेजारच्याला "आलोच" सांगून दिराने सायकल हाणली होती. साहेब बॉयलरपाशी पोचले आणि तिथे कोणी नसलं, तर नवस ऐकायला एलियाहूलाही वाव राहणार नव्हता. तो थांबला तर काम जाणार, गेला तर प्रार्थना राहणार. नवरा उठून उभा राहिला आणि एकदा भावाकडे, एकदा काकांकडे बघू लागला. मी दारातूनच दिरावर ओरडले, "आधी कामावर जा! देव कुठे पळून जात नाही." माझा आवाज जरा मोठाच लागला.

तेव्हा त्या दोस्ताने डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी केली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"मी जातो बॉयलरवर," तो म्हणाला. "ड्युटी बदलली म्हनून सांगतो साहेबाले. आपलं तर नेहमीचंच आहे गा ते."

"अरे, पन हे तुह्यासाठीपन आहे," नवरा म्हणाला.

"मंग मी गेल्यानं काय बिघडते? तुमी म्हना ना."

त्याने दिराच्या हातून सायकल घेतली आणि गेला. पोह्यांना हातही लावला नाही. काकांनी पहिल्यापासून प्रार्थना घेतली, अक्षर न गाळता. पोहे पार मऊ पडले होते, पण मी कुरकुर केली नाही. मी पदराने डोळे पुसत उभी होते आणि शेजारच्या बाईला सांगत होते की कांद्याचा वास लागला. मलिद्यात कांदा नसतो, हे तिलाही माहीत होतं.

साहेबांनी बॉयलरवर कोण आहे ते पाहिलं, वाफेचा काटा पाहिला आणि पुढे गेले. एवढंच झालं. दोस्ताच्या वाटणीचा मलिदा काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतः योजनेच्या फाटकावर नेऊन दिला.

पुढे हुकूम निघाले. घरी कोणालाच पाठवलं नाही. नवरा आणि दीर दोघंही पर्मनंट झाले आणि नागपुरातच राहिले. काही जणांना मात्र बाहेर पाठवलं, त्यात तो दोस्त होता. पारशिवनीला दूध थंड करायचं नवं केंद्र निघालं होतं, तिथे. मी काकांकडे जाऊन भांडले. "आमच्यासाठी प्रार्थना सोडून जो गेला त्यालाच गाव सोडावं लागावं? हा कुठला न्याय तुमच्या एलियाहूचा?" "मले नाही समजत, बाई," काका सरळ म्हणाले. म्हणून मला ते आवडत.

तो स्वतः मात्र मजेत होता. सासुरवाडी पारशिवनीचीच. "बायको खूश आहे वहिनी, आता तिच्या मायचं ऐकावं लागन मले," एवढीच त्याची तक्रार.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी नवरा भल्या पहाटे उठून कामाचे कपडे घालत होता. आता शनिवार मागायचा कोणाकडे? पर्मनंट होऊन आठवडा नाही झाला आणि सवलती मागायच्या, हे त्याला जमणार नव्हतं. इतक्यात कडी वाजली. हुडकेश्वरचा एक गडी सायकल धरून दारात उभा.

"तुमी कुठं चालले जी?" तो नवऱ्याला म्हणाला. "आज शनिवार ना. माह्याकडे आहे तो. तुमचा दोस्त जातानी सांगून गेला मले, म्हने त्यायच्यावर मागाची पाळी नको येऊ देजो."

नवऱ्याने कपडे बदलले आणि पायरीवर येऊन बसला. मी चहा दिला नाही, शनिवारी आम्ही चूल पेटवत नाही. नुसती शेजारी बसले.

दिवाळीनंतर नवस फेडायचा मलिदा केला. तेच लोक, तीच खोली. काकांचा मोतीबिंदू निघाला होता आणि जाड भिंगाचा चष्मा आला होता. पारशिवनीहून पहिल्या एसटीने तो आला, ताटात मांडायला पिशवीभर सीताफळं घेऊन. नवऱ्याने खुंटीवरची ती टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. या वेळी तो शहाण्यासारखा मागे, पांढऱ्या टोप्यांच्या ओळीत जाऊन बसला, उगाच घोटाळा नको म्हणून.

काका मोजायला उठले. आता नजरेवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून एकेका टोपीवर हात ठेवत चालले. नवऱ्यावर, दिरावर, टपालवाल्यांवर. दहावी स्वतःची. दहा झाले होते, सुरुवात करायला हरकत नव्हती. पण काका थांबले नाहीत. बाकांमधून वाट काढत ते मागे गेले, त्याच्यापाशी उभे राहिले आणि त्याच्या टोपीवर हात ठेवून म्हणाले, "आन हा आमचा शनिवार."

मग पुढे येऊन त्यांनी प्रार्थनेला सुरुवात केली.