बझरचा पत्ता

माझी धाकटी जाऊ माणसांशी मोजकं बोलते आणि कॉम्प्युटरशी तासन्‌तास गप्पा मारते, असं आमचे भावजी चेष्टेनं म्हणतात. स्वतःच्याच बायकोची चेष्टा, त्यामुळे ती चालवून घेते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्या जिथं बनतात, तिथं ती कामाला आहे. पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं सॉफ्टवेअर तिच्याकडे.

बाळंतपणानंतर ती बराच काळ घरी होती. परत जायची वेळ आली तेव्हा ती माझ्यापाशी येऊन बसली.

"ताई, कामाला बसलेला हात मोडला असेल हो."

"मोडला तर पुन्हा बसेल. पोरीला मी बघते, तू नीघ," मी म्हटलं.

तिला पहिलंच काम मिळालं धोक्याच्या बझरचं. पेटीतली ऊब कमीजास्त झाली की तो वाजायलाच हवा. तिनं प्रोग्रॅम लिहिला, तपासला, एक पेटी रुग्णालयात गेलीसुद्धा. त्यानंतर नव्या धर्तीचे बोर्ड आले आणि एका सकाळच्या चाचणीत बझर मुकाच.

जोडणीवाल्यांनी बझर बदलून पाहिला, डाखकाम पुन्हा केलं. काही उपयोग नाही. मग साहेब तिच्या टेबलाशी आले. "प्रोग्रॅममध्ये काही राहून गेलं नसेल ना?"

तिनं प्रोग्रॅम पुन्हा उघडला. पण स्वतःच्या चुकीपेक्षा वेगळीच धास्ती तिला वाटली. रुग्णालयातल्या पेटीचं काय?

साहेबांनी तिथल्या परिचारिकेला फोन लावला. पेटीत बाळ होतं. बझर तपासायचा तर बाळाच्या अंगावरचा, ऊब मोजणारा सेन्सर काढावा लागणार, आणि डॉक्टरांना बाळाला उगाच हलवायचं नव्हतं. "दुपारी आई बाळाला छातीशी घेईल, तेव्हा बघू. तोवर मी जवळच थांबते," परिचारिका म्हणाली.

दुपारपर्यंत हातावर हात ठेवून बसणं धाकटीला जमणारं नव्हतं. बोर्डावर कोणता भाग कुठं बसलाय आणि त्याचा पत्ता काय, याची फांद्या-फांद्यांची मांडणी सॉफ्टवेअरला द्यावी लागते. त्या मांडणीला डिव्हाइस ट्री म्हणतात. सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जाऊनच प्रत्येक भागाला हाक मारतं. बोर्डाच्या आराखड्याचं जे टूल असतं, त्याला कमांड टाइप करून प्रश्न विचारता येतात. धाकटीनं छोटी स्क्रिप्ट लिहिली: आराखड्यातला एकेक भाग घे, त्याचा पत्ता विचार, ट्रीमधला पत्ता विचार, आणि दोन्ही जुळत नसतील तरच मला सांग.

स्क्रीनवर एकच ओळ उमटली. बझर.

नव्या बोर्डावर बझरचा पत्ता बदलला होता, आणि ट्री जुन्याच बोर्डाची उचललेली होती. तिचा प्रोग्रॅम हाका मारत होता खरा, पण बझर तिथं राहतच नव्हता.

साहेबांनी वाकून पाहिलं आणि चष्मा काढला. "जुनीच ट्री चालेल, असं मीच म्हटलं होतं."

"नंतर बोलू, सर. आधी ती पेटी."

दुरून जोडणी करून तिनं रुग्णालयातल्या पेटीलाही तेच विचारलं. फक्त वाचायच्या कमांड, बदल कशातच नाही. तरी प्रत्येक ओळ धाडण्याआधी ती पुन्हा वाचत होती. उत्तर आलं. बोर्ड जुना, ट्री जुनी, पत्ते जुळलेले.

"म्हणजे सुटलो," साहेब म्हणाले.

"वाजल्याशिवाय नाही."

दुपारी फोन आला. बाळ आईच्या कुशीत होतं. परिचारिकेनं सेन्सर बाहेर काढून ठेवला, फोन पेटीपाशी धरला आणि इकडे साहेबांनी स्पीकर मोठा केला. आणि मग बझर वाजला, कर्कश, कानात सुई घातल्यासारखा. जोडणीवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. धाकटीनं डोळे मिटले आणि खुर्चीत मागं रेलली.

"ऐकू येतोय ना?" परिचारिकेनं विचारलं. "आता बंद करते, बाळ दचकतंय."

"करा, करा," धाकटी म्हणाली.

नव्या बोर्डाच्या ट्रीतला पत्ता तिनं सुधारला, आणि ती स्क्रिप्ट आता प्रत्येक पेटी बाहेर पडण्याआधी चालवतात. त्या संध्याकाळी मात्र धाकटी घरी आली, पोरीला पोटाशी घेतलं आणि बसल्या जागी झोपून गेली. मी तिच्या पायातल्या चपला काढल्या आणि भावजींना सांगितलं, टीव्हीचा आवाज कमी करा.